म्हणजे, ताईला म्हणायचंय की...

आमच्या समोरच्या दारात दोन बहिणी राहतात. थोरलीला सगळी बिल्डिंग ताई म्हणते. धाकटीला तोंडावर काहीही म्हणत असले, तरी पाठीमागे सगळे तिला 'म्हणजे' म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगणार नाही. त्या माणसाला स्वतःच्या कल्पकतेचं अजून कौतुक वाटतं आणि त्याची बायको त्यावरून त्याला अजून बोलते, एवढंच सांगतो.

नाव पडलं ते असं. ताईला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय तिचं ऐकत नाहीत, मान स्वतःच्या मर्जीनं वळते, आणि बोलणं म्हणजे रेडिओचं स्टेशन नीट न लागल्यासारखं. आत कार्यक्रम व्यवस्थित चाललेला, बाहेर खरखर. डोकं मात्र असं, की एका साप्ताहिकाची शब्दकोडी ही बाई कित्येक वर्षं एका बोटानं टाइप करून बनवते आहे, आणि आमच्यासारखे लोक ती अर्धवट भरून 'कोडंच चुकलंय' म्हणून मोकळे होतात.

तर ताईनं तोंड उघडलं, की व्हीलचेअरमागे उभी असलेली धाकटी घसा साफ करणार आणि सुरू करणार, "म्हणजे, ताईला म्हणायचंय की..."

आता एक गुपित. इतकी वर्षं समोर राहून मला ताईचं निम्मंअधिक बोलणं कळायला लागलं होतं. ते मी कुणाला कळू दिलं नाही, कारण न कळल्यासारखं दाखवण्यात करमणूक जास्त होती. एकदा टोमॅटोच्या गाडीपाशी ताई म्हणाली, "ह्या टोमॅटोंपेक्षा ह्याचे गाल घट्ट आहेत." धाकटी म्हणाली, "म्हणजे, ताईला म्हणायचंय की जरा ताजे असतील तर बघा हं." सोसायटीच्या मीटिंगमध्ये ताई सेक्रेटरीला म्हणाली, "लिफ्ट बंद आणि तुझं तोंड चालू. जरा उलटं कर." धाकटी हात जोडून म्हणाली, "म्हणजे, ताईला म्हणायचंय की तुम्ही खूप करता, पण लिफ्टचं तेवढं मनावर घ्या." सेक्रेटरी खूष. लिफ्ट बंदच.

धाकटी गल्लीच्या टोकाच्या ड्रायक्लीनरकडे काउंटरवर बसते. डाग नुसता बघून तो कशाचा आहे ते ओळखते. कोणाच्या शर्टावर कसला डाग होता हे आम्हाला सांगत नाही, एवढाच तिच्यात दोष. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ताईचं बोलणं दुसऱ्या कोणाला कळणार?" हे ती तक्रारीच्या सुरात म्हणायची, पण मान अशी ताठ व्हायची, की डोक्यावर मुकुटच आहे जणू.

त्या मुकुटाला पहिला धक्का बसला तो ताईच्या पोटदुखीमुळे. लिफ्ट बंद, त्यामुळे ताईला खुर्चीसकट जिन्यानं उतरवायचं ते वॉचमननं आणि मी; शिवाय माझ्या गाडीची डिकी मोठी, तिच्यात व्हीलचेअर मावते, म्हणून हॉस्पिटलात नेण्याचं काम माझ्याकडे. तिथल्या तरुण डॉक्टरनं ताईकडे एक नजर टाकली आणि धाकटीला विचारलं, "यांना कुठे दुखतंय?"

ताई म्हणाली, "मला विचार की, गाढवा!"

"म्हणजे, ताईला म्हणायचंय की डॉक्टर, मी सांगते," धाकटी म्हणाली.

पण झालं असं, की 'गाढवा' हा शब्द ताईच्या तोंडून अगदी खणखणीत येतो. सरावाचा आहे. त्या डॉक्टरच्या मागे त्याच्या मोठ्या मॅडम उभ्या होत्या. हाडांचे, मुलांचे, कातडीचे, भुलेचे असे निरनिराळे स्पेशालिस्ट व्हायला आलेले तरुण डॉक्टर तिथे शिकतात, त्यांच्या शिक्षणाचं सगळं या मॅडमकडे. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खुर्ची ओढून ताईसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "असं अजून किती डॉक्टरांना म्हणावंसं वाटलंय?"

"सगळ्यांना," ताई म्हणाली.

"मग गुरुवारी याल? सगळे एकदमच भेटतील."

दुखणं ॲसिडिटीचं निघालं. ताई मात्र दर गुरुवारी डॉक्टरांची मास्तरीण झाली.

धाकटी हरखली होती. गुरुवारी दुपारची सुटी मागून घेतली, कडक इस्त्रीचे कपडे घातले. गाडीत मला म्हणाली, "भाऊजी, सगळा भार माझ्यावरच येणार बघा. ताई बोलणार, पण समजावून मलाच सांगावं लागणार."

"तर! लेक्चर तुमचंच," मी म्हटलं. "ताई नुसती आवाजाला."

मागच्या सीटवरून ताई जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

वर्गाची खोली दुसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यात हाडांचा सापळा, त्याच्या खांद्यावर कोणीतरी वाळत टाकलेला ॲप्रन. डॉक्टर मंडळी ड्युटीवरून तशीच आलेली, अर्धी जांभया देणारी. मी मागच्या बाकावर, घरी जाऊन बायकोला सांगायला काहीतरी हवं म्हणून. ताईनं सुरुवातीला काही न बोलता एकेकाकडे नुसतं बघितलं. एकालाही तिच्याकडे बघत राहणं जमेना. एकेक करून सगळ्यांची नजर धाकटीकडे घसरली.

"बघा," ताई म्हणाली, "हीच तुमची खोड. पेशंट मी, आणि तुम्ही बघता हिच्याकडे."

"म्हणजे, ताईला म्हणायचंय की सगळ्यांनी लक्ष द्या," धाकटी म्हणाली.

मग एकेक गोष्ट आली. माझ्याशी बोला. ओरडू नका, मी बहिरी नाही. लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका, मी तुमच्या आईच्या वयाची आहे. हाडांच्या डॉक्टरनं ऐकता ऐकता सवयीनं ताईच्या व्हीलचेअरवर कोपर टेकलं, तशी ती म्हणाली, "मी टेकू का तुझ्या मांडीवर? खुर्ची हे माझे पाय आहेत. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि सगळ्यात महत्त्वाचं, कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलवायची नाही. 'कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणायचं. "मी पुन्हा सांगेन. मला सवय आहे. तुम्ही मान डोलवलीत तर चुकीच्या पायाचं ऑपरेशन कराल."

धाकटीनं हे सगळं गुळगुळीत करून सांगितलं. पण मॅडमनी दुसऱ्याच गुरुवारी नियम केला. आधी ताई बोलणार, मग डॉक्टरांनी स्वतः समजून घ्यायचा प्रयत्न करायचा, अडलंच तर धाकटीला विचारायचं. धाकटी हसून "हो हो" म्हणाली. मनात म्हणाली असणार, करा प्रयत्न, येताय कुठे, माझ्याकडेच.

बरेचसे आले. एक आली नाही. तीच ती भुलेवाली.

म्हणजे भूलतज्ज्ञ व्हायला आलेली मुलगी. चष्मा, केसांना पेन खोचलेलं, बारीक अंगाची. ती पुढच्या बाकावर बसून ताईच्या ओठांकडे असं बघायची, की मांजर उंदराच्या बिळाकडे काय बघेल. "कळलं नाही, पुन्हा सांगा." "अजून नाही कळलं." "शेवटचा शब्द कळला, मधला सांगा." तिला अजिबात लाज नाही. आणि एका गुरुवारी ताई त्या सापळ्याकडे मान टाकून म्हणाली, "हाच एक पेशंट तुमच्याशी हुज्जत घालत नाही," आणि भुलेवाली खो खो हसली.

धाकटीचा घसा अजून साफ व्हायचा होता.

ताईबरोबर तीही सापळ्याकडे वळलेली, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तिची पाठ दिसली. आजवर ताईच्या विनोदावर लोक हसायचे ते धाकटीनं सांगितल्यानंतर, तिनं सांगितलं तेवढं, तिनं सांगितलं तसं. एक ते 'गाढवा' सोडलं, तर तिच्याआधी कोणी हसलेलं नव्हतं. नवऱ्याच्या खिशात परक्या बाईचा रुमाल सापडल्यावर बायकांची पाठ जशी होते, तशी ती पाठ झाली होती. (ही उपमा आमच्या हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुला रे काय माहीत?")

वर आणखी एक. भुलेवाली थोरलीला म्हणायची 'ताई' आणि धाकटीला म्हणायची 'मावशी'.

"ती ताई आणि मी मावशी?" धाकटी आमच्या स्वयंपाकघरात बसून फणफणली. "मी धाकटी आहे हो, वहिनी! आणि हॉस्पिटलात मावशी कोणाला म्हणतात? बेडपॅन देणाऱ्यांना!"

"त्यांच्यावाचून चालतं का हॉस्पिटल?" आमची ही म्हणाली.

"माझ्यावाचून चालायला लागलंय ना!"

हे रविवारी सकाळी. भुलेवाली आता रविवारचीही यायला लागली होती, शब्दकोडी सोडवायला म्हणे. ती आली की धाकटी वाटी घेऊन आमच्याकडे. "वहिनी, साखर आहे?"

"कालच तर किलोभर आणलीत."

"असू दे. बसते जरा."

समोरच्या उघड्या दारातून हसण्याचा आवाज आला. धाकटीनं वाटी ओट्यावर आपटली. "काय एवढं हसतात हो?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "ताईचं फक्त तुम्हालाच कळतं ना?"

"भाऊजी, आगीत तेल ओतू नका."

"तेल कुठे? मी नुसता वारा घालतोय."

आमच्या हिनं मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. पुढच्या रविवारी बेल वाजली तेव्हा धाकटीनं दार जेमतेम वीतभर उघडलं आणि म्हणाली, "ताई झोपलीय."

आतून ताई ओरडली, "जागी आहे!"

"जाग्या आहेत म्हणताहेत," भुलेवाली म्हणाली आणि चपला काढून आत गेली. खोटं पकडलं गेलं याचं धाकटीला काही वाटलं नाही. दाराआडून, तेही पहिल्या फटक्यात, त्या मुलीला कळलं, हे लागलं. एकदा भुलेवालीनं बोलणाऱ्या यंत्राचं सुचवलं, टाइप केलं की यंत्र वाचून दाखवतं. ताई म्हणाली, "यंत्राला टोमणा मारता येत नाही." त्या दिवशी धाकटी इतकी खूष झाली, की भुलेवालीला स्वतः होऊन दुसरा कप चहा दिला. पण असले दिवस थोडे.

मग तो गुरुवार आला.

हाडांच्या डॉक्टरनं, तो आता सुधारला होता, ताईकडे नीट बघत विचारलं, "घरी तुमचं कसं चालतं?"

ताई दमलेली होती. दमली की शब्द जास्तच एकमेकांत अडकतात. ती म्हणाली, "बहीण माझं बोलणं धुते, वाळवते, इस्त्री करून लोकांना देते. मला ते चुरगळलेलंच बरं वाटतं."

दोनदा सांगूनही बहुतेकांना लागेना. हाडांच्या डॉक्टरनं धाकटीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिची पाळी आली होती. ती खुर्चीमागून पुढे आली, पदर सारखा केला.

"म्हणजे, ताईला म्हणायचंय की बहीण माझे कपडे धुते, वाळवते, इस्त्री करते. चुरगळलेलं मला घालू देत नाही."

आणि हसली. काही डॉक्टरही हसले, बरं वाटून.

"कपडे नाही, मावशी," भुलेवाली म्हणाली. मुद्दाम नव्हे हो. गणित चुकलं की मुलं बोलतात तशी, आपोआप. "बोलणं. त्या 'बोलणं' म्हणाल्या. बहीण माझं बोलणं धुते."

धाकटीनं खोटं सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. तिला खरंच कपडे ऐकू आले होते. काउंटरवर बसणाऱ्या बाईला इस्त्री म्हटल्यावर दुसरं काय ऐकू येणार? ताई काय म्हणेल ते तिला इतकं पाठ होतं, की कान लावायची गरज कधीच उरली नव्हती.

"मला कळतं ती काय म्हणते ते," धाकटी म्हणाली. "तू काल आलीस."

भुलेवाली लाल झाली. ताईनं मान हलवली, डावीकडून उजवीकडे, आणि म्हणाली, "ती बरोबर सांगतेय."

हे नेमकं सगळ्यांना कळलं.

घरी परतल्यावर जिन्यातच धाकटीनं ताईला सांगितलं, "आता तुझं तू बोल. नाहीतर आहेच ती तुझी भुलेवाली." आणि तिनं खरंच सोडलं. ताईचं खाणंपिणं, अंघोळ, औषधं, सगळं वेळच्या वेळी, पण शब्दाला शब्द नाही. कोणी दारात आलं की धाकटी आत.

तिला वाटलं होतं, आठवडाभरात ताई शरण येईल. झालं भलतंच. ताईनं सेक्रेटरीला स्वतःच गाठलं. "पुन्हा सांगा" म्हणायला तो कुठे शिकला देव जाणे, पण म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं 'लिफ्ट बंद, तोंड चालू' त्याच्या डोक्यात शिरलं. संतापानं लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू. सगळी बिल्डिंग लिफ्टनं जायला लागली. एकटी धाकटी जिन्यानं चढायची, धापा टाकत, प्रत्येक मजल्यावर थांबत.

"अहो, गुडघे जातील," मी म्हटलं.

"जाऊ देत. मी नाही बसायची तिच्या लिफ्टमध्ये."

शेवटी ताईनं मला बोलावून निरोप दिला. धाकटी वाटी घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मी तो तिला जसाच्या तसा सांगितला, "ताई म्हणते, गुरुवारी ये. माझ्या मागे उभी राहू नकोस, समोर बाकावर बस."

धाकटीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ताईनं."

"आणि तुम्हाला कळलं? कधीपासून?"

"पहिल्यापासून!" आतून आमची ही म्हणाली. "नुसतं बावळटाचं सोंग."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे तुम्हीसुद्धा," म्हणाली. हा 'म्हणजे' मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

गुरुवारी ती आली. माया दाटून आली म्हणून नव्हे, तिथे आपल्यामागे काय काय चालतं ते बघायला. भुलेवालीपासून सगळ्यात लांबच्या बाकावर, माझ्या शेजारी, हाताची घडी घालून बसली. ताई एकटीच पुढे. मागे कोणी नाही. विचित्र दिसत होतं ते, फोटोतलं अर्धं माणूस कापल्यासारखं.

मुलांच्या डॉक्टरनं विचारलं, "तुमचं बोलणं सगळ्यात आधी कोणाला कळलं?"

"आईला," धाकटी माझ्या कानात पुटपुटली. "आईला म्हणेल."

ताई बोलायला लागली. लांबलचक बोलली. 'आई' मला कुठे ऐकू आलं नाही. 'बूट' की 'भूत' असं काहीतरी मधे आलं. डॉक्टर म्हणाले, कळलं नाही, पुन्हा. ताईनं पुन्हा सांगितलं. कोणाला सुरुवात लागली, कोणाला शेवट. आणि मग भुलेवालीचा चेहरा बदलला. ती आधी हसली, मग तिनं चष्मा काढला, आणि हळूच वळून थेट धाकटीकडे पाहिलं.

त्या बघण्यानं धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याबद्दलचं काहीतरी आहे, आणि ते त्या मुलीला माहीत आहे, आपल्याला नाही! बाकाची फळी तिनं दोन्ही हातांनी धरली. मान डोलवून कळल्यासारखं दाखवणं सोपं होतं. जन्मभर तेच केलेलं. पण भुलेवाली बघत होती.

"मला नाही कळलं," धाकटी मोठ्यानं म्हणाली.

सगळे वळले. भुलेवाली भाबडेपणानं म्हणाली, "मावशी, मी सांगू?"

"तू गप्प बस! तुझ्याकडून नाही ऐकायचं मला." ती उठली, बाकांमधून वाट काढत पुढे गेली आणि ताईच्या समोर, समोर बरं का, उकिडवी बसली. "ताई, मला कळलं नाही. पुन्हा सांग."

ताईनं सांगितलं.

"नाही कळलं. सावकाश."

ताईनं सावकाश सांगितलं. आता खोलीतल्या बहुतेकांना लागलं, मलाही लागलं. धाकटीला सगळ्यात शेवटी. ताई म्हणत होती, "हिला. ही रांगत होती. घरात सगळ्यांना वाटायचं, मी नुसते आवाज काढते. मी म्हटलं, पाणी. हिनं बाबांचा बूट ओढत आणून दिला."

धाकटी म्हणाली, "बूट? बूट कशाला आणीन मी?"

"बूट."

"पाणी म्हटलंस तर पाणीच आणलं असेल."

"बूट! काळा!"

"तुला काय आठवतंय! तू स्वतः केवढीशी होतीस!"

"तुझ्यापेक्षा मोठी!"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाकीच्यांना बसून राहायची खूण केली. भुलेवालीनं तोंड उघडलं, "ताई म्हणताहेत की..."

"तू मधे पडू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या. दोघींचं सारखंच स्पष्ट ऐकू आलं.

परत येताना धाकटी पुढे माझ्या शेजारी बसली नाही, मागे ताईजवळ बसली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आरशात पाहिलं, तर खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "हे बुटाचं तू त्या मुलीला आधी सांगितलं होतंस? खरं सांग."

ताई म्हणाली, "नाही. आज पहिल्यांदा."

"काय?"

"आज पहिल्यांदा."

ते तिला कळलं होतं. मला पुढच्या सीटवर कळलं होतं, तिला शेजारी बसून कळणार नाही? तरी ती ताईकडे पुरती वळली, तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नाही कळलं. पुन्हा सांग."

आणि ताईनं पुन्हा सांगितलं.